सांगून उचला

पायात चप्पल आहे की नाही, हे मला अजूनही खाली बघितल्याशिवाय कळत नाही. डॉक्टर म्हणतात हळूहळू जाईल, कदाचित सगळं जाणार नाही. मी विचारायचं सोडून दिलं आहे.

हे लिहायला घेतलं ते एवढ्यासाठी, की आत्ता या क्षणी कोणीतरी कुठल्यातरी वॉर्डात पडून छताचे चौकोन मोजत असेल आणि भेटायला येणारा प्रत्येक जण त्याला "पॉझिटिव्ह राहा" म्हणून सफरचंदं ठेवून जात असेल. मी तसं म्हणणार नाही. मी पॉझिटिव्ह नव्हते. निगेटिव्हही नव्हते. मी काहीच नव्हते. तरी बरी झाले, बऱ्यापैकी. असंही होतं, हे कोणीतरी सांगायला हवं.

आजाराची शास्त्रीय माहिती इथे मिळणार नाही. इथे एक थोराड कुत्रा आणि एक पिकअप गाडी आहे. ज्यांना कुत्रे आवडत नाहीत त्यांनीही वाचावं, कारण उचलायची पाळी प्रत्येकावर येते, आणि उचलून घ्यायचीही.

मोजे

मी चोपन्न वर्षांची, एका केंद्रीय मंत्रालयात नोकरी. गाझियाबादकडच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा श्रीकांत (तोही सरकारी अधिकारी), मुलगी मुग्धा आणि ढेप. ढेप हा कुत्रा. लॅब्रॅडॉर म्हणून घेतला होता, पण त्याच्या आईच्या माहेरी कोणीतरी म्हैस असणार. वजन चव्वेचाळीस किलो, वय अकरा, रंग कोल्हापुरी गुळाचा, म्हणून ढेप.

ऑगस्टमधली सकाळ होती. ऑफिसला निघताना मला वाटलं, आपण मोजे घातलेत. दिल्लीच्या ऑगस्टमध्ये मोजे घालणारी बाई एक तर वेडी असते, नाहीतर मोठी साहेब. मी दोन्ही नाही. खाली बघितलं तर पाय उघडे. पण घोट्यापर्यंत काहीतरी जाड, लोकरीचं चढवल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळी मेट्रोतून येताना ते मोजे पोटरीपर्यंत आले. दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत. श्रीकांतला सांगितलं तर म्हणाला, "बी-ट्वेल्व्ह कमी असेल, यार. दिल्लीत सगळ्यांचंच कमी असतं." गोळ्या आणून दिल्या. मी घेतल्या.

तिसऱ्या दिवशी बाथरूमच्या दारात मी खाली बसले. पडले नाही, कोणीतरी पाय हळूच काढून घेतल्यासारखे ते गेले आणि मी बसले. ढेप पॅसेजमध्ये होता. त्याचे मागचे पाय दोन वर्षांपासून कमजोर, फरशीवर त्याला धड उभंही राहता यायचं नाही. तो पुढच्या पायांनी स्वतःला ओढत माझ्यापर्यंत आला आणि माझ्या मांडीवर आडवा झाला. आता मलाही उठता येईना आणि त्यालाही. श्रीकांत दाढी अर्धवट टाकून धावत आला, तेव्हा आम्ही असे एकावर एक पडलेलो. त्याने दोघांकडे बघितलं आणि विचारलं, "आधी कोणाला उचलू?"

"त्याला," मी म्हटलं. "तो माझ्यावर आहे."

हा आमच्या घरातला शेवटचा विनोद. पुढे बरेच दिवस कोणी केला नाही.

एका दमात

इमर्जन्सीत एका तरुण डॉक्टरने छोट्या हातोडीने माझ्या गुडघ्यावर टकटक केलं. पाय उडायला हवा होता. उडाला नाही. त्याने परत केलं, मग दुसऱ्या पायावर केलं, मग मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनीही तेच केलं. तीन माणसं माझ्या गुडघ्याकडे टक लावून बघत होती आणि गुडघा सरकारी फायलीसारखा ढिम्म होता.

मग पाठीतून पाणी काढलं, नसांची तपासणी झाली आणि संध्याकाळी नाव मिळालं: जीबीएस. शरीराची राखण करणारी फौजच आपल्या मज्जातंतूंवर उलटते, एवढं मला समजलं. पुण्याच्या नातेवाइकांना हे नाव माझ्याआधीच माहीत होतं, "अगंबाई, ते पाण्यातून होणारं?" असं माझ्या मावसबहिणीने फोनवर विचारलं आणि उत्तर ऐकण्याआधीच रडायला लागली. श्रीकांतचा चेहरा पांढरा पडला. मुग्धा गुरगावच्या ऑफिसातून टॅक्सीने आली, तिने पर्समधून आधी चार्जर काढला आणि मग तोंड झाकून घेतलं.

मी मात्र विचार करत होते की संसदेतल्या एका प्रश्नाचं उत्तर अर्धं लिहून टेबलावर ठेवलंय आणि कपाटाची किल्ली माझ्याकडेच आहे. हे धैर्य नव्हतं. लोकांनी नंतर धैर्य म्हटलं, मी खोडून काढलं नाही. खरं सांगायचं तर बधिरपणा पायातून वर चढत होता आणि पोटात, छातीत जिथे भीती असते तिथे तो माझ्याआधीच पोचला होता.

या आजारात डॉक्टरांना एकच धास्ती असते, श्वासाचे स्नायू थकतात की काय. म्हणून दर काही तासांनी कोणीतरी येऊन म्हणायचं, "एक साँस में जितना गिन सकती हैं, गिनिए." मी हिंदीत सुरू केलं. आयुष्य दिल्लीत गेलं, पण मोजायची वेळ आली तेव्हा बारा-तेराच्या पुढे आकडे मराठीतच यायला लागले. डॉक्टर म्हणाले, कोई बात नहीं, ज्या भाषेत येतील त्या भाषेत मोजा. पहिल्या दिवशी चोवीस. दुसऱ्या दिवशी सतरा. तिसऱ्या दिवशी अकरावर दम संपला आणि मला आयसीयूत हलवलं. आणखी खाली गेलं तर यंत्र लावायचं ठरलं होतं. दहावर दोन दिवस राहिलं. मग एका सकाळी बारा आलं. श्रीकांत काचेपलीकडून बोटं दाखवून विचारत होता, किती, किती? मला हात उचलता येत नव्हता. मी डोळ्यांची उघडझाप बारा वेळा केली. त्याला वाटलं मी बेशुद्ध होतेय, तो नर्सला बोलवायला धावला.

तीन पे

आयसीयूतून वॉर्डात आले तेव्हा मी मानेखाली जवळजवळ सामान होते. सामानाचं एक वेळापत्रक असतं. सकाळी सहाला अंग पुसणं, मग दर दोन तासांनी कुशीवर वळवणं, दुपारी खुर्चीत बसवणं, परत पलंगावर. हे सगळं चादरीने चालतं. अंगाखाली घडी केलेली चादर असते, दोन्ही बाजूंनी दोन माणसं तिची टोकं धरतात आणि हुप्प.

वॉर्डातली माणसं वाईट नव्हती. पण ती कालच्या मॅचबद्दल बोलत यायची, बोलत बोलत चादर धरायची आणि बोलत बोलत मला उचलायची. छत एकदम हलायचं. अंगाला काही जाणवत नसेल तर उचलल्याचं फक्त डोळ्यांना कळतं, आणि डोळ्यांना वाटतं आपण पडतोय. दिवसातून आठ-दहा वेळा मी पडत होते. ओरडायचे नाही. मुकाट्याने दात आवळायचे.

बिमला म्हणून एक आया होती. पन्नाशीची, दंडावर गोंदलेलं, मोठ्या आवाजाची. ती कधीही तशी हात लावायची नाही. आधी माझ्या तोंडासमोर यायची. "दीदी, उठा रहे हैं. पहले कंधा, फिर पैर. तीन पे." मग थांबायची. मी पापणी हलवेपर्यंत खरंच थांबायची. दुसऱ्या बाजूचा माणूस घाई करायला लागला तर त्याला म्हणायची, "बोरी है क्या?" बोरी म्हणजे पोतं. मग एक, दो, तीन. छत तेवढंच हलायचं, पण मी पडायचे नाही.

रुग्णाजवळ बसणाऱ्यांसाठी या सगळ्या लेखात एकच गोष्ट उपयोगाची असेल तर ती ही आहे. उचलण्याआधी सांगा. सांगून झाल्यावर थांबा. रुग्णाला होकार द्यायला जरा वेळ लागतो.

इतर सुखं लहान होती आणि ती मी मोजून ठेवली नाहीत. मुग्धा संध्याकाळी केसांना तेल लावायची. डोकं हा एकच प्रांत माझ्या ताब्यात होता, तिथे तिची बोटं नीट कळायची. तिला 'बधिर' हा शब्द येत नव्हता, ती हिंदीतलं 'सुन्न' म्हणायची. "आई, आज किती सुन्न आहे?" मी म्हणायचे, "कालच्याइतकंच." ती म्हणायची, "चलो, वाढलं तर नाही."

रजया

श्रीकांत रोज फोनवर ढेपचा एक फोटो दाखवायचा. ढेप बाल्कनीत पसरलेला, ढेप दाराशी, ढेप वाटीत तोंड घालून. "मजेत आहे," तो म्हणायचा. "तुझी वाट बघतोय."

चौथ्या की पाचव्या फोटोत मला दिसलं, की ढेपच्या मागे कठड्यावर रजया वाळत घातल्यात. कोपऱ्यातल्या कूलरला प्लास्टिक गुंडाळलेलं आहे. ऑगस्टच्या शेवटी, जेव्हा घामाने उशी भिजते, तेव्हा दिल्लीत रजया कोण वाळत घालतं? फोटो जानेवारीचा होता. त्यानंतरचे सगळे फोटो मी नीट बघितले. एकात मुग्धाचे केस लांब होते. ते तिने मे महिन्यात कापले होते.

ढेप मेला असणार, असं मी ठरवलं. आणि मग मला जे कळलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहायलाच हवं. मला वाईट वाटलं नाही. आतमध्ये हात घालून चाचपल्यासारखं मी बघितलं, कुठे दुखतंय का. कुठेच नाही. गुडघ्यावर हातोडी पडावी तसं. रोज नवा फोटो यायचा, मी म्हणायचे, "छान दिसतोय." तो खोटं बोलत होता आणि मी त्याला साथ देत होते. संसार असाही चालतो.

कोणाला तरी असं होईल, म्हणून सांगते: आपण दगड झालो असं समजू नका. निदान लगेच समजू नका.

दार

ऑक्टोबरच्या सुरुवातीला वॉकर धरून घरी आले. दार उघडलं. फरशीवर नखं वाजली नाहीत.

"कधी गेला?" मी विचारलं.

श्रीकांत बॅग ठेवत होता. "गेला नाही. आहे. सतबीरकडे आहे, पानिपतला."

सतबीर कोण ते सांगायला हवं. पानिपतला काला अंब आहे, तिसऱ्या लढाईचं स्मारक. दिल्लीतली मराठी मंडळी दर संक्रांतीला तिथे जातात, आम्हीही तिळगुळाचा डबा घेऊन जातो. दोन वर्षांपूर्वी ढेपला नेलं. ही आमची चूक. थंडीत इतका वेळ गाडीच्या मागच्या सीटवर आखडून बसलेला म्हातारा कुत्रा, त्याने उतरताना उडी मारली आणि त्याचे मागचे पाय दोन बाजूंना फाकले. तो ओरडायला लागला. जमलेल्या मराठी मंडळींनी ताबडतोब सल्ले सुरू केले. पानिपतात आपल्याकडे सल्लागार कधीच कमी पडले नाहीत, असं माझे सासरे म्हणायचे, ते त्या दिवशी पटलं. उंटावरून शेळ्या हाकणारे वीस आणि शेळीपाशी कोणी नाही.

सतबीर तिथलाच पिकअपवाला. पानिपतचे खेस, म्हणजे जाड सुती पांघरुणं, आणि चादरी यांचे गठ्ठे दिल्लीच्या बाजारात पोचवतो. तो रोड समाजाचा. ही माणसं स्वतःला लढाईनंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. "हम भी मराठे सैं जी," असं म्हणून त्याने गाडी आणली. मराठीतला 'ताई' हा एकच शब्द त्याला येत होता, तो त्याने मला लावला. चार जणांनी ढेपचे चार पाय धरले आणि सोफा चढवावा तसा त्याला पिकअपमध्ये चढवला. ढेप जन्मात कोणाला चावला नव्हता. त्या दिवशी श्रीकांतच्या मनगटाला चावला. टाके पडले. डॉक्टर मिळाला, पाय थोडेफार सुधारले, सतबीर आमचा झाला. दिल्लीला आला की चहाला यायचा. पण तेव्हापासून कुठलीही पिकअप दिसली की ढेप जमिनीला चिकटून बसायचा. मग त्याला कोणीही हलवू शकत नसे.

"मग आता कसा चढला?" मी विचारलं.

"डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. झोपेतच नेला." श्रीकांत भिंतीकडे बघून बोलत होता. "तो उठत नव्हता गं. जागेवरच सगळं व्हायचं. अंगाखाली जखमा व्हायला लागल्या. मुग्धा रजा किती काढणार? मी रात्री हॉस्पिटलात, सकाळी येऊन त्याला उचलायचो, पाठ गेली माझी. तुला उचलायला माणसं होती. त्याला मी एकटा."

"त्याला सांगितलंस? नेताना?"

"कुत्र्याला काय सांगायचं?"

"आणि मला?"

तो बॅग उघडायला लागला. मला राग यायला हवा होता. मी वाट बघितली. आला नाही. मी वॉकर ढकलत खोलीत गेले आणि पलंगाच्या कडेला बसून, बिमलाने शिकवलं होतं तसं, आधी खांदा आणि मग पाय वर घेतले.

करार

पुढचे दीड-दोन महिने घरात आम्ही फार शहाण्यासारखे वागलो. "पाणी हवं?" "ठेव तिथे." "आज किती पावलं?" "चाळीस." फिजिओथेरपी, कोमट पाणी, चेंडू दाबणं. वॉकर गेला, काठी आली. श्रीकांत काही सांगायला लागला की मी मनात विचारायचे, हे खरं की जानेवारीतलं? त्याने डॉक्टरांचा निरोप सांगितला तरी मी मुग्धाकडून खात्री करून घ्यायचे. त्याला ते कळत होतं. आजाराने माझे पाय नेले, ते परत येत होते. हे दुसरं जे गेलं होतं ते येतंय असं काही दिसत नव्हतं.

नोव्हेंबरच्या शेवटी मी म्हटलं, ढेपला आणू या.

"तुला स्वतःला धड उभं राहता येत नाही," श्रीकांत म्हणाला. "त्याला महिन्याला इंजेक्शनला न्यावं लागतं. आपल्या गाडीत तो मावत नाही, रिक्षावाले घेत नाहीत. दर वेळी पिकअप बोलवायची, दर वेळी गोळी? तिथे सतबीरची आई त्याला बघते. जखमा भरल्यात. बाजरीची भाकरी खातो. तो सुखी आहे."

"हे तू सांगतोयस."

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "बरं. जाऊ. गोळी द्यायची नाही, चौघांनी धरायचं नाही. तो आपल्या मर्जीने चढला तर घरी आणू. नाही चढला तर तिथेच राहील, आणि हा विषय संपला. बिल्कुल संपला."

मी हो म्हटलं. पिकअपला बघून हलायचंच नाही हे ज्या कुत्र्याने ठरवलंय, त्याच्यावर मी सगळं लावलं होतं.

बांध

धुराचे दिवस होते, हायवेवर ऊन पिवळं पडलं होतं. सतबीरचं घर पानिपतच्या बाहेर, शेताला लागून. अंगणात खाटेवर त्याची आई लसूण सोलत होती, आणि खाटेखाली ढेप.

तो बरा दिसत होता. मी हाक मारली, "ढेप." त्याचा एक कान उठला. सतबीरच्या आईने तिथल्या नावाने म्हटलं, "भूरा, देख कौण आया सै," आणि मग त्याने डोकं वर केलं. तोंड पांढरं झालं होतं. तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि शेपूट एकदा जमिनीवर आपटली. उठला नाही. मी काठीवर टेकून उभी होते. किती दिवस या क्षणाचा विचार केला होता! काही झालं नाही. मला कुत्रा दिसला, एवढंच.

"ताई, छोड़ दो यहीं," सतबीर हळूच म्हणाला. "यो म्हारे घर का हो लिया. आपकी भी सेहत..."

"गाडी आणा, सतबीरभाई," मी म्हटलं.

गाडी अंगणात आली आणि ढेप चपटा झाला. हनुवटी, पोट, चारी पाय, सगळं जमिनीला. सतबीरने भाकरी दाखवली. त्याच्या आईने भूरा भूरा करून पाहिलं. शेजारचे दोघे आले, त्यांनी मागून ढकलायचा प्रस्ताव मांडला, एकाने हात लावलाही. ढेप गुरगुरला. श्रीकांतने नकळत स्वतःचं मनगट धरलं.

"झालं," तो म्हणाला. आवाजात विजय नव्हता, नुसती दमणूक होती. "चल."

मी गाडीकडे बघितलं. पिकअपचा मागचा फाळका माझ्या कमरेइतका उंच. मला तिथे चढायला सांगितलं असतं तर मीही जमिनीला चिकटले असते. "सतबीरभाई, तुम्ही गठ्ठे कसे चढवता? एवढे जड?"

"बाँध पे लगा के, जी." त्याने शेताच्या बांधाकडे हात केला. तिथे गाडी मागे घेतली की मातीचा बांध आणि गाडीचा तळ जवळपास एका पातळीत येतात. गठ्ठा उचलायचाच नाही, सरकवायचा. कुत्र्यासाठी हे कोणाला सुचलं नव्हतं. मलाही आत्तापर्यंत सुचलं नव्हतं.

गाडी बांधाला लागली. गाडीचा पत्रा गुळगुळीत, म्हणून वर जाडजूड खेस पसरला. ढेपला हाताने कोणी आणलं नाही. मी बांधावर चढायला लागले. तिरपी माती, काठी, आणि आपलं पाऊल कुठे पडतंय हे फक्त डोळ्यांना माहीत. अर्ध्यात थांबले. मागे बघितलं. ढेप अंगणातून उठला होता. मागचे पाय थरथरत होते, पण तो येत होता, माझ्यासारखाच, एका वेळी एक पाय मोजत. आम्ही दोघं बांधावर पोचलो तेव्हा दोघांनाही धाप लागली होती.

बांध आणि गाडी यांच्यात वीतभर फट होती. ढेप फटीपाशी थांबला, पत्र्याचा वास घेतला आणि परत खाली बसायला लागला.

"आधी मी जाते," मी म्हटलं.

"अगं, वेडी आहेस का? पाय फटीत गेला तर तुला कळणारही नाही."

"म्हणून तू धर. पण सांगून धर."

श्रीकांत माझ्या तोंडासमोर आला. या माणसाला बिमलाने काही शिकवलं नव्हतं. तो तेव्हा औषधांच्या रांगेत असायचा. तो म्हणाला, "डावा दंड धरतोय. कमरेला हात लावतोय. तीनवर." आणि थांबला. मी पापणी हलवेपर्यंत नाही, मी "हं" म्हणेपर्यंत थांबला. मग एक, दोन, तीन. माझा डावा पाय खेसवर दिसला, मग उजवा. मी गाडीत होते. मी गाडीच्या कडेला पाठ लावून खाली बसले आणि पाय लांब केले.

"ढेप," मी म्हटलं. "ये वर."

त्याने पुढचे दोन पाय फट ओलांडून खेसवर ठेवले आणि तिथेच घोडं अडलं. पुढचा अर्धा कुत्रा गाडीत, मागचा अर्धा हरियाणात. मागचे पाय फाकायला लागले. शेजारचे दोघे पुढे आले. श्रीकांतने हाताने त्यांना थांबवलं. सतबीरने दुसरा खेस घडी करून ढेपच्या पोटाखालून घेतला, एक टोक श्रीकांतकडे दिलं. वॉर्डातल्या चादरीसारखं. सतबीर उचलणार एवढ्यात श्रीकांत म्हणाला, "रुको."

तो वाकला. ढेपच्या तोंडापाशी तोंड नेलं, ज्या तोंडाने त्याला चावलं होतं त्या तोंडापाशी. "ढेप, उचलतोय हं," तो म्हणाला. "मागचे पाय. तीनवर." आणि थांबला. सगळं अंगण बघत होतं, एक सरकारी अधिकारी कुत्र्याच्या परवानगीसाठी थांबलाय. ढेपने जिभेने स्वतःचं नाक पुसलं. "एक," श्रीकांत म्हणाला. "दोन."

ढेप गुरगुरला नाही. तीनवर तो गाडीत होता.

तो सरकत सरकत माझ्यापर्यंत आला, माझ्या पायांवर डोकं टाकलं आणि डोळे मिटले. माझी एक चप्पल बांधावरच राहिली होती, ते मला आत्ता दिसलं. जरा वेळाने त्याची जीभ बाहेर आली आणि तो माझा उघडा पाय चाटायला लागला. अंगठा, मग बोटं, मग परत अंगठा. मी बघत होते. जीभ फिरताना दिसत होती. बाकी काही नाही. मी डोळे मिटले असते तर तिथे कोणीच नव्हतं.

श्रीकांत बांधावर उभा होता, पाठीला हात लावून.

"श्रीकांत," मी म्हटलं, "बघ रे, ओला झालाय का?"

त्याला आधी समजलं नाही. मग तो पुढे वाकला आणि माझ्या अंगठ्याला बोट लावलं.

"झालाय," तो म्हणाला.

मी कोणाकडूनही खात्री करून घेतली नाही.